आज वरचा उतार बंद आहे

मित्रांनो, मला तोंड नाही, तरी छत्तीस हिवाळे मी बोलत होतो. फोन आला की माझ्या पोटातली टेप फिरायची आणि पलीकडच्या माणसाला कळायचे, की आज डोंगरावर हवा कशी आहे, बर्फ किती साचला आहे आणि स्की घेऊन घराबाहेर पडावे की नाही. जपानमधल्या एचिगो भागाच्या डोंगरातल्या उगेसावा गावाचे लोक मला बोलका डबा म्हणत. आता माझी टेप ठिसूळ झाली आहे आणि बटणांवरची अक्षरे पुसून गेली आहेत. पण ऐकलेले सगळे लक्षात आहे. त्यातली एक गोष्ट मला अजूनही उलगडलेली नाही. तीच आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म टोकियोजवळच्या एका कारखान्यात झाला. एका बाईने माझ्या तारा जोडल्या, दुसरीने झाकण बसवले आणि तिसरी मला म्हणाली, "हॅलो, येतंय का ऐकू?" मी ऐकलेले ते पहिले शब्द. मग खोक्यात बसून मी आगगाडीने डोंगरात आलो. उगेसावाच्या स्की मैदानाच्या कचेरीत मला खिडकीपाशी ठेवले. खिडकीतून तिन्ही उतार दिसत. पहिला मुलांचा, दुसरा सगळ्यांचा, आणि तिसरा बीच नावाच्या उंच झाडांच्याही वर, भिंतीसारखा उभा. लांबलांबून लोक यायचे ते या तिसऱ्या उतारासाठी. त्याच्या माथ्यावर पत्र्याची एक चौकी होती आणि चौकीतही एक फोन होता.

माझ्यात पहिला आवाज भरला तो गेन्पाची नावाच्या माणसाने. मैदानावरच्या बर्फाची देखरेख त्याच्याकडे होती. बटण दाबण्याआधी त्याने डोक्यावरची लोकरी टोपी काढली. त्याची मुलगी मित्सुए तिकिटाच्या खिडकीत बसे. ती हसली.

"बाबा, डब्यापुढे टोपी कसली काढताय?"

"डब्याच्या पलीकडे माणसं आहेत ना गं."

रोज पहाटे तो कंदील घेऊन बाहेर जाई, खुणा केलेल्या काठीवर बर्फाची उंची पाही, फावड्याने खड्डा खणून बर्फाचे थर बोटांनी चाचपून पाही. सहा वाजता परत येऊन तो माझ्याजवळ बोले, सावकाश, एकेक आकडा वेगळा करून. मग बर्फावरच्या गाडीत बसून वर चौकीत जाई आणि सात वाजता तिथून मलाच फोन करी. स्वतःचेच बोलणे शेवटपर्यंत ऐके. वरची हवा खालच्याहून वेगळी निघाली, तर मित्सुएला कळवून बोलणे बदलून घेई. नाहीतर "बरोबर आहे" एवढेच पुटपुटे आणि फोन ठेवी. त्याच्या फोनमागे नेहमी एक आवाज असे. चौकीच्या छपराचा एक पत्रा सैल होता. वाऱ्यात तो दोनदा वाजायचा, थांबायचा, पुन्हा एकदा वाजायचा.

मित्रांनो, मला बोलणारा डबा म्हणतात खरे, पण मी ऐकणाराही होतो. फोन करणारे गप्प असत, तरी त्यांचा श्वास मला ऐकू येई. कुणी बूट घालता घालता ऐकत असे. 'बंद' हा शब्द ऐकून कुणी उसासा टाकी आणि पाच मिनिटांनी पुन्हा फोन करी, जणू तेवढ्यात डोंगराने आपले मन बदलले असेल.

एका मार्चमध्ये ऊन तापले. तिसऱ्या उताराच्या वर बर्फाला भेग पडली. ती पाहायला गेन्पाची गेला आणि हिमलोटाने त्याला नेले. तो सापडला मे महिन्यात, बीचच्या झाडांखाली, बर्फ वितळल्यावर. त्याच हिमलोटाने चौकीच्या फोनचे खांबही उपटून नेले होते. मैदानाच्या मालक कंपनीने ते पुन्हा उभारले नाहीत. चौकीच्या दाराला आडव्या फळ्या ठोकल्या.

पुढच्या हिवाळ्यापासून बोलण्याचे काम मित्सुएकडे आले. पहिल्या दिवशी तिचा आवाज अडखळत होता. तिने तीनदा पुसून चौथ्यांदा भरला. बरोबर सात वाजता माझा तांबडा दिवा लागला. कुणाचातरी फोन होता. मी बोलू लागलो आणि पलीकडून मला पत्रा ऐकू आला. दोनदा, थांबून, पुन्हा एकदा.

मी यंत्र आहे. मला काटा येत नाही. पण त्या दिवशी माझी टेप किंचित मंद फिरली एवढे खरे.

शेवटपर्यंत ऐकून फोन ठेवला गेला. दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. मित्सुएच्या लक्षात यायला महिना लागला. एका सकाळी दिवा लागताच तिने शेजारच्या फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावला. ती उभीच राहिली. मग दोन्ही हातांनी तो हळूच खाली ठेवला, झोपलेल्या मुलाला ठेवावा तसा. ती कुणाला काही बोलली नाही. फक्त त्यानंतर काठीवरचा आकडा ती एकदा नाही, दोनदा पाहून येऊ लागली.

आता १९८४ च्या फेब्रुवारीकडे येतो. त्या वर्षी कुरामोची नावाचे नवे व्यवस्थापक शहरातून आले होते. माणूस वाईट नव्हता. आधीचे दोन हिवाळे मैदान रिकामे गेले होते. यंदाही तसेच झाले तर कंपनी माणसांना उतारावर चढवणारी लिफ्टच उपटून नेईल या धास्तीने त्यांना झोप लागत नसे. अकरा तारखेच्या सुट्टीला गावातली सगळी विश्रामगृहे भरणार होती. ताकासाकीच्या एका सूतगिरणीतले बेचाळीस जण खास तिसऱ्या उतारासाठी येणार होते.

नऊ तारखेला रात्रभर कडाक्याची थंडी पडली. दहाला दिवसभर जड, ओला बर्फ कोसळत राहिला. अकराच्या पहाटे दक्षिणेचा कोमट वारा सुटला आणि आभाळ अगदी निळे झाले. मित्सुए खड्डा खणून परत आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

"साहेब, तिसरा उतार उघडायचा नाही. वरचा थर फळीसारखा झालाय आणि त्याच्या खालचा बर्फ साखरेसारखा हातातून ओघळतोय."

"आभाळ बघा, मित्सुए-सान. असा दिवस महिन्यातून एकदा मिळतो."

"मी चालत होते तेव्हा पायाखालचा बर्फ बसला. आवाज आला. कुणीतरी खालून उसासा टाकावा तसा."

 कुरामोची म्हणाले, "लोक आपल्याला बर्फ विचारतात. आपण बर्फ सांगायचा. भीती सांगायची नाही."

"मग तुम्हीच सांगा. माझा आवाज नाही मिळायचा."

त्यांनी माझे बटण दाबले आणि घसा साफ केला. "उगेसावा स्की मैदान. बर्फ दोनशे पंच्याऐंशी सेंटिमीटर. हवा स्वच्छ. तिन्ही उतार खुले आहेत. आपलं स्वागत आहे."

आकडा खरा होता. हवेचेही खरे होते. मित्रांनो, यंत्राला नाही म्हणता येत नाही. जे पोटात भरले ते मला बोलावेच लागते. त्या सकाळी पहिल्यांदाच मला वाटले, आज फोनच येऊ नये.

सात वाजले. दिवा लागला.

पत्रा वाजला. दोनदा, थांबून, पुन्हा एकदा. मी कुरामोचींचे शब्द सांगितले. बोलणे संपले. रोज इथे फोन ठेवला जायचा. त्या दिवशी ठेवला गेला नाही. माझी टेप पुन्हा सुरुवातीला आली. मी पुन्हा बोललो. पलीकडून पुन्हा तेच ऐकणे. तिसऱ्यांदा. दहाव्यांदा. आमच्या कचेरीला एकच तार होती. ती अडली की बाहेरच्या कुणालाही फोन लागत नसे.

कुरामोचींनी पेटलेला दिवा पाहिला आणि हात चोळले. "पाहिलंत? फोनवर फोन येतायत."

 मित्सुए दिव्याकडेच बघत होती. साडेसात झाले तरी दिवा एकदाही विझला नव्हता, हे मग त्यांच्याही ध्यानात आले. त्यांनी रिसीव्हर उचलला.

"हॅलो, उगेसावा स्की मैदान. कोण बोलतंय?"

उत्तर नाही. ते ऐकत राहिले. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "कसला तरी पत्रा वाजतोय. वाराही आहे. वर कुणी गेलंय का?"

"वर कुणी नाही, साहेब."

"मग हा फोन चौकीतला नाही?"

"चौकीची तार तुटून दोन वर्षं झाली."

कुरामोचींनी हसण्याचा प्रयत्न केला, पण तो जमला नाही. त्यांनी रिसीव्हर आदळला, पुन्हा उचलला. पत्रा वाजतच होता. त्यांनी माझी भिंतीतली पिन उपटली. माझी टेप थांबली. दिवा मात्र तसाच जळत राहिला. वीज नसताना तो कसा जळत होता, ते मला आजही सांगता यायचे नाही.

मित्सुएने त्यांच्या हातातून रिसीव्हर घेतला. बराच वेळ तिने तो कानाला धरला. मग अगदी साध्या आवाजात ती म्हणाली, "ऐकलं, बाबा. चूक आहे. मला माहीत आहे."

आठच्या सुमारास दार ढकलून बसचा ड्रायव्हर आत आला. शिनोझाकी त्याचे नाव, ताकासाकीच्या मंडळींना तोच आणत असे. बुटांवर बर्फ, हातात गरम चहाचा डबा.

"काय हो, तुमचा फोन मेलाय का? घाटाखालच्या खाणावळीतून पाच वेळा लावला. नुसता गुंतलेला. वीस वर्षं बस चालवतोय, वरचं विचारल्याशिवाय माणसं कधी डोंगरावर सोडली नाहीत. म्हटलं, पोरांना खाली बसमध्ये बसवावं आणि स्वतःच विचारून यावं. तर सांगा, तिसरा कसा आहे?"

 शिनोझाकीने एकदा व्यवस्थापकांकडे पाहिले, एकदा मित्सुएकडे. मित्सुए तोंड उघडणार होती, पण तिच्याआधी कुरामोची बोलले. 

"तिसरा बंद आहे."

"आभाळ तर मस्त आहे."

"बंद आहे. सगळ्यांना पहिल्या उतारावर थांबवा. दुसऱ्यावरही नको." मग मित्सुएकडे न पाहताच त्यांनी सांगितले, "वरच्या लिफ्टची किल्ली काढून माझ्याकडे द्या."

"पोरं कुरकुरणार बघा," शिनोझाकी म्हणाला आणि चहा संपवून गेला.

पोरे खरोखरच कुरकुरली. खिडकीतून मला दिसत होते. सूतगिरणीतले बेचाळीस जण लहान मुलांच्या उतारावर एकमेकांवर बर्फ फेकत होते आणि वरच्या कोऱ्या, चकाकणाऱ्या उताराकडे हात करून काहीतरी बोलत होते.

दहाला दहा मिनिटे कमी असताना आवाज आला. तो गडगडाट नव्हता. एखादे जाड कापड टोकापासून टोकापर्यंत फाटावे तसा होता. तिसऱ्या उतारावर आडवी काळी रेघ उमटली. मग अख्खा उतार एका तुकड्यात खाली सरकला. बीचची झाडे आत गेली, वरच्या लिफ्टचे दोन खांब गेले, पत्र्याची चौकी गेली. पांढरा धूर दुसऱ्या उतारावर पसरला आणि त्याच्या पायथ्याशी येऊन बसला. खिडकीची काच बराच वेळ थरथरत होती. पहिल्या उतारावरची माणसे जिथल्या तिथे उभी होती. शिनोझाकी बोट दाखवून मोजत होता. त्याने दोनदा मोजले. बेचाळीस भरले.

तेव्हा माझ्यात 'टक्' असा बारीक आवाज झाला. पलीकडे कुणीतरी फोन ठेवला होता. तांबडा दिवा विझला.

कुरामोची खुर्चीवर बसले होते. त्यांनी स्वतःच माझी पिन भिंतीत लावली आणि म्हणाले, "मित्सुए-सान, तुमच्या आवाजात भरा. यापुढे रोज तुम्हीच. मी मध्ये पडणार नाही." आणि ते पडले नाहीत. निवृत्त होईपर्यंत रोज सकाळी बाहेर जाण्याआधी ते तिलाच विचारत, "आज काय म्हणतोय डोंगर?"

दुसऱ्या दिवशी सातला मित्सुए माझ्यासमोर येऊन बसली. दिवा लागला नाही. त्या हिवाळ्यात ती रोज बसली. सातचा फोन परत कधीच आला नाही.

त्यानंतरची वर्षे भराभर गेली. काही हिवाळे असे आले, की मी दिवसाला चारशे फोन घेतले. मासिकवाल्यांनी माझा फोटो छापला, खाली लिहिले 'सर्वांत खरा डबा'. मग लोकांच्या खिशात पडदे आले. डोंगर घरी बसून दिसू लागला. फोन घटत गेले, चाळीस, चार, मग आठवड्यात एखादा. माझ्यावर धूळ साचली, कुणीतरी दिनदर्शिका आणून ठेवली. २०१२ च्या वसंतात मैदान कायमचे बंद झाले आणि लिफ्टचे खांब कापून नेले.

कचेरीला कुलूप लागायच्या दिवशी मित्सुए आली. साठी ओलांडली होती तिने. मला पुसले आणि शेवटच्या वेळी बटण दाबले.

"उगेसावाचं स्की मैदान आता बंद झालं आहे. लिफ्ट नाहीत, देखरेखीला माणूस नाही. डोंगर मात्र आहे. चालत जाणार असाल तर आधी मला विचारा. मी मित्सुए. माझ्या घरचा नंबर सांगते, लिहून घ्या."

हे मी आणखी वर्षभर बोललो, तार कापेपर्यंत. आता तिच्या घरात, बूट ठेवायच्या फडताळावर असतो. ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. अजून पहाटे उठते, काठी पाहते, खड्डा खणते, बर्फ बोटांत चोळते. हिवाळ्यात पाठीवर स्की बांधून डोंगर चढणारी मंडळी तिला फोन करतात आणि ती सावकाश सांगते.

मित्रांनो, तुम्ही राहता तिथे बर्फ पडत नसेल. पण डोंगर असेल, नदी असेल, समुद्र असेल. तिथे रोज राहणारे कुणी असेलच. निघण्याआधी त्यांना विचारा. नुसते आभाळ बघून निघू नका. आणि पलीकडून 'आज नको' असे उत्तर आले, तर पाच मिनिटांनी पुन्हा विचारू नका. पायातले बूट काढून ठेवा.