तिसऱ्या झाडासमोरचा कट्टा

माझ्या सासूबाईंनी, सुंदराबाईंनी, एकोणीस वर्षांत दमयंतीबाईंचं आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. फोन नंबर तर दूरच. दर सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर माथा टेकून त्या शिवाजी पार्कात जायच्या आणि समुद्राकडच्या फाटकापासून तिसऱ्या झाडासमोर, कट्ट्यावर बसायच्या. तिकडे वऱ्हाडातून दमयंतीबाई यायच्या. आईंनी आमसुलं द्यायची, त्यांनी तूरडाळ. संध्याकाळपर्यंत गप्पा मारल्या की दोघींचं वर्ष साजरं.

यंदा नोव्हेंबरात जांभ्याच्या पायरीवरून घसरून आईंनी पाय मोडून घेतला. मांडीपर्यंत प्लास्टर. तरी आमच्या लांज्याच्या घरात एकच धोशा.

"मी दिसले नाय तर ती काय समजंल गो? आमच्या वयात माणूस दिसला नाय, म्हंजे गेलाच."

"निदान नंबर तरी घ्यायचात, आई!" मी करवादले.

"कशाला? ती तिथंच असते."

शेवटी शाळेतून रजा काढून मीच निघाले. आईंनी दर वर्षीसारखी जुन्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात आमसुलं बांधून दिली.

ते मैदान मी टीव्हीवर सभांपुरतं पाहिलेलं. वाटायचं, ते भाषणं करणाऱ्यांचं. त्या दिवशी लाखो माणसं तिथे घरच्या ओसरीवर बसावीत तशी बसली होती. कुणी भाकरी सोडत होतं, कुणी नवी पुस्तकं चाळत होतं, कुणी लेकराला पाजत होतं. एरवी या राजधानीत आपल्याला कोण बस म्हणतंय? इथे कुणाला विचारावंच लागत नव्हतं.

मी पुरचुंडी मांडीवर घेऊन कट्ट्यावर बसले. दुपारी एक ठेंगणी म्हातारी समोर थबकली. माझ्याकडे नाही, पुरचुंडीकडे बघत होती. हातातली पिशवी तिथेच टाकून, मी तोंड उघडायच्या आत, ती रडायलाच लागली.

"कवा गेली वो माही सुंदरा?"

"अहो, आहेत! पाय मोडलाय फक्त!" मी ओरडले. आजूबाजूची माणसं हसली. मी मात्र त्यांना धरून रडत होते.

मग आईंना व्हिडिओ कॉल लावला. दमयंतीबाईंनी पदरानं डोळे पुसून फोन हातात घेतला.

"मेले नाय अजून," आई म्हणाल्या. "डाळ आणलीस काय?"

घरी आल्यावर मी मोठ्या तोऱ्यात दमयंतीबाईंच्या लेकाचा नंबर आईंच्या हाती दिला. म्हटलं, आता वाटेल तेव्हा बोला, मुंबईची दगदग नको. त्यांनी चिठ्ठीची घडी करून ती मलाच परत दिली.

"ठेव तुझ्याकडं. घरात बसून भेटायची सवय लागली, तर हा पाय कशाला बरा होईल?"

जानेवारीत प्लास्टर निघालं. काही दिवसांनी आई वॉकर धरून अंगणात उतरल्या. मला हात लावू देईनात. आंब्याचं एक कलम मागे पडलं, दुसरं पडलं. तिसऱ्यापाशी त्या घामाघूम होऊन टेकल्या.

"अकरा महिने हायत गो," त्या म्हणाल्या. "तिला सांग, जागा धरून ठेव."