मांडवाबाहेर वाजलेला धवला

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे आणि मला स्वस्थ बसवत नाही. पनवेलच्या एका कॉलेजातल्या लोखंडी कपाटात, मोडका पृथ्वीगोल आणि गुंडाळलेले नकाशे यांच्यामध्ये मला ठेवले आहे. कपाटाचे दार कुरकुरले की वाटते, आले कोणीतरी न्यायला. बहुतेक वेळा ती पाल असते.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही, कारण ते लिहिलेली पट्टी केव्हाच गळून पडली. मुंबईच्या दुकानातून शिपाई चांगोभाऊंनी मला एस.टी.ने आणले. सबंध रस्ता त्यांनी मला मांडीवरून उतरवले नाही. तेव्हा माझा रुबाब काय वर्णावा! काळाभोर रंग, वर चकचकीत मूठ, पोटात चार जाडजूड सेल. पंधरा ऑगस्टला मी राष्ट्रगीत वाजवायचो, गॅदरिंगला नाचाची गाणी. माझ्यामुळे मुले नाचतात असे मला वाटायचे. गर्वाचे घर खाली म्हणतात, पण त्या वयात ते कोणाला दिसते?

एकोणीसशे ब्याण्णव साली कॉलेजात एम.ए.चा एक नवा वर्ग निघाला आणि त्यात शिकवायला नीता मॅडम आल्या. विषयाचे नाव होते संवादाचे तत्त्वज्ञान आणि नीती. एवढे लांब नाव पाहून अर्धी मुले पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या विषयाकडे पळाली. उरलेल्यांसमोर मॅडमनी मला टेबलावर ठेवले आणि विचारले, "हा ऐकतो का?"

"ऐकतो की मॅडम," प्रदीप म्हणाला. पनवेल बाजारातल्या कापडदुकानदाराचा हा मुलगा प्रत्येक प्रश्नाला सर्वांत आधी उत्तर द्यायचा. "आपल्यापेक्षा चांगलं ऐकतो. एक शब्द सोडत नाही."

"साठवतो," मॅडम म्हणाल्या. "ऐकणाऱ्याला ऐकल्यावर काहीतरी करावं लागतं."

मला राग आला. माणसाविषयी असे बोलायचे असले की त्याला निदान खोलीबाहेर तरी पाठवतात.

मॅडमचा एक नियम होता. मुलांनी मला घेऊन लोकांकडे जायचे, त्यांचे बोलणे टेप करायचे, पण रेकॉर्डिंगचे लाल बटण दाबण्याआधी परवानगी विचारायची. बोलणाऱ्याची काही अट असेल तर ती टेपच्या सुरुवातीलाच त्याच्या स्वतःच्या आवाजात घ्यायची. म्हणजे पुढे जो कोणी टेप लावील, त्याच्या कानांवर आधी अट पडेल. नियम पक्का होता. अट ऐकूनही माणूस पुढचे ऐकतच राहिला तर काय, हे मात्र त्या नियमात नव्हते.

वर्गात ललिता नावाची मुलगी होती, कामोठे गावातली. वर्गात ती फार जपून, पुस्तकासारखे बोलायची. आपले गावाकडचे बोलणे निसटेल अशी तिला सारखी धास्ती असायची. तिने आपल्या कामासाठी गुणाबाईंना निवडले. गुणाबाई म्हणजे त्यांच्या आळीतली धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून प्रत्येक विधी जी बाई गाऊन लावते ती धवलारीण, आणि ती गाते ते धवले. गुणाबाईंच्या घशात गाठ झाली होती, आवाज महिन्यागणिक बसत चालला होता, आणि शिकायला एकही पोर पुढे येत नव्हती. ललिताही नाही. तिला त्याची लाज वाटायची.

ललिताने मला त्यांच्या पडवीत ठेवले. गुणाबाईंनी मला वरून खालून पाहिले.

"ह्यो डबा माजा आवाज ठेवल?"

"हो मावशी. कायमचा."

"मंग ठेव. पन येक आयक. ह्यो फक्त मांडवात वाजवायचा. दुसरीकडं नाय."

"का गो मावशी?"

"आगो, धवल्यात आमी देवांना, पितरांना बोलावताव. नाव घेऊन. लगीन नाय, पाट नाय, पान नाय, आनि बोलावलं तर ते येऊन बसतीन कुठं? घरी चूल पेटली नाय आनि पावन्यांना आवतन, आसं कोन करतं?"

ही अट मी त्यांच्याच आवाजात उतरवली. मग त्या गायल्या. घसा खरखरत होता, मधेच तुटत होता, तरी गायल्या. मित्रांनो, मी पुष्कळ गाणी वाजवली आहेत. पण त्या दुपारी मला पहिल्यांदाच वाटले, की आपल्याला पोट दिले ते ह्याच्यासाठी.

पण त्याच दिवसापासून माझी स्वस्थता गेली. जो तो येता-जाता माझ्या बटणावरून बोट फिरवी. कोणी दाबले तर? माझ्याजवळ ना हात, ना कडी. दाबील त्याच्यापुढे बोलायचे, एवढेच मला ठाऊक.

परीक्षेला मुंबईहून एक परीक्षक आले. भला माणूस होता, हे आधीच सांगतो. ललिताने धवलारणीविषयी सगळे सांगितले. ते ऐकून त्यांचे डोळे चमकले.

"लावा ना, ऐकू या."

"सर, लावता येणार नाही. त्यांची अट आहे."

"अहो, ही परीक्षा आहे, जाहीर कार्यक्रम नाही. मी न ऐकता मार्क कशाचे देऊ?"

ललिता आपले कागद आवरू लागली. प्रदीपला ते पाहवले नाही. मैत्रिणीचे मार्क जातात हे एवढेच त्याला दिसत होते. "अगं, दोन मिनिटं. कोण जाणार आहे सांगायला?" असे म्हणत त्याने माझे बटण दाबले.

आधी अट ऐकू आली. "ह्यो फक्त मांडवात वाजवायचा. दुसरीकडं नाय." सगळ्या वर्गाने ती स्वच्छ ऐकली. परीक्षकांनी ऐकली. संवादाची नीती शिकवणाऱ्या नीता मॅडमनी ऐकली. आणि कोणीही हलले नाही, कारण लगेच धवला सुरू झाला आणि तो इतका सुंदर होता की कोणालाच तो थांबवावासा वाटला नाही. मॅडमचा हात टेबलावरून अर्धा उचलला गेला आणि तिथेच राहिला. एक पूर्ण कडवे झाल्यावर ललिता धावली आणि तिने मला बंद केले.

"उत्तम," परीक्षक हळूच म्हणाले. त्यांनी भरघोस मार्क दिले.

ते गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "चूक माझी. मी थांबवायला हवं होतं. मलाही ऐकायचं होतं."

"मॅडम, त्यांना कळणारसुद्धा नाही," प्रदीप म्हणाला. "आणि सांगितलं तर त्या टेप पुसायला लावतील. मग काय राहील? त्यांचा घसा असा."

बोलणे खरे होते. गप्प राहिले तर धवले वाचत होते आणि सांगितले तर जात होते. ललिताने मला उचलले आणि ती बाहेर पडली. मित्रांनो, तिने गप्प राहावे अशीच माझी इच्छा होती. कामोठ्याच्या फाट्यापर्यंत मी मनात तेच घोकत होतो.

पडवीत बसून तिने सगळे सांगितले. बटण दुसऱ्याने दाबले हेही सांगितले आणि आपण कडवे संपेपर्यंत उभ्या राहिलो हेही.

"मंग आले आसतीन ते," गुणाबाई म्हणाल्या. "कुठं बसले?"

ललिताला रडू फुटले. "बाकांवर, मावशी."

"हां." गुणाबाईंनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या नजरेत राग नव्हता, आणि त्याचेच मला जास्त लागले. "ह्याला कुठं कलतं, मांडव हाय का नाय? कोनी बी दाबंल, ह्यो बोलावंल. पूस."

"पुसते. पन आदी मना शिकव. तुजा आवाज हाय तवर शिकव, मंग पुसते."

"नाय. डबा हाय तवर तू शिकनार नाय. मनात बोलशील, हाय की डब्यात. आदी पूस."

ललिताने लाल बटण दाबले. ते खाली जाईना. कॅसेटच्या पाठीवरचा प्लॅस्टिकचा बारीक तुकडा मोडला की तिच्यावरचे पुसता येत नाही. धवले जपायचे म्हणून तिनेच तो मोडून ठेवला होता. मी मनातून आनंदलो. मग तिने एस.टी.चे तिकीट काढले, त्याची घट्ट घडी केली आणि मोडलेल्या तुकड्याच्या खाचेत बसवली. बटण खाली गेले.

मी पुसत होतो. माझ्याच तोंडाने, वीतवीत करून. जिथे गाणे होते तिथे पडवीतले आवाज चढत होते: कोंबड्यांचे, हंड्याचे, ललिताच्या नाक ओढण्याचे. मला ओरडावेसे वाटत होते. टेपचे शेवटचे टोक आल्यावर खट्कन माझे बटण वर आले. ललिताने मला बाजूला सारले आणि ती गुणाबाईंच्या पुढ्यात मांडी घालून बसली.

"म्हन," गुणाबाई म्हणाल्या.

त्यांनी मला पडवीतून आत ठेवायला सांगितले, त्यामुळे पुढचे माझ्या कानी आले नाही.

त्यानंतर सी.डी. आली आणि मी कपाटात गेलो. नीता मॅडम मात्र दर वर्षी मला वर्गात नेत आणि नव्या मुलांना ही गोष्ट सांगत. आपला अर्धा उचललेला हातही त्या लपवत नसत. गुणाबाई वारल्या, असे एका वर्षी त्यांनी सांगितले. दुसऱ्या एका वर्षी सांगितले, की कामोठ्यात एका लग्नाला त्या गेल्या होत्या आणि तिथे ललिता उभी राहून धवला गात होती. घसा साधाच, मधूनमधून चुकतही होती. पण पाट मांडलेले होते आणि पान वाढलेले होते.

मित्रांनो, आता तुमच्या हातात माझ्याहून लहान आणि माझ्याहून हुशार यंत्रे येत आहेत. कोणाचे बोलणे त्यात भरून घेतलेत, तर ते कुठे वाजेल याची काळजी तुम्ही करा. आम्हाला ती करता येत नाही. आणि कोणी तुम्हाला समोर बसून काही देत असेल, तर आम्हाला घटकाभर बाजूला ठेवा.

ललिताचा धवला मी ऐकलेला नाही. मला तो फार ऐकायचा आहे. पण मला कोणी त्या मांडवात नेले नाही, आणि नेले नाही तेच बरोबर झाले.