टोपी-दुपट्ट्याचं भाडं

बेबीताईची चूक एवढीच, की तिनं खरं सांगितलं. आणि तेही कौतुकानं.

विमा कंपनीचा सर्वेअर बाभुळगावजवळच्या त्यांच्या वस्तीत आला, तेव्हा चेपलेली पांढरी गाडी निंबाखाली उभी होती, नाकपुडी फुटलेल्या बैलासारखी. आत खाटेवर तिचा लेक कपिल, प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून. शेजारच्या नानाजींची लेक प्रेरणा नवरी झाली, तिला दिग्रसला सासरी पोचवून तो एकटाच परत निघाला होता. दारव्हा मागे पडलं आणि तुरीतून एक रोही, नीलगाईचा नर, थेट गाडीपुढं उडाला. त्या मुक्या जनावराला वाचवायला गेला नि गाडी नालीत उलटली.

"गाडी दिग्रसला कशासाठी नेली होती?" सर्वेअरनं विचारलं.

बेबीताईचा चेहरा दिव्यासारखा उजळला. "नवरी पोचवाले! वस्तीतली पयली चारचाकी आमची, भाऊ. सांगू का तुमाले, पोराकडच्यायनं माह्या कपिलचा मान केला. टोपी, दुपट्टा, अन् वरून पाकिटात एकशे एक रुपये!"

सर्वेअरनं मान वर न करता लिहिलं. बेबीताईनं सही केली. अठ्ठावीस वर्षं अंगणवाडीत पोरांना अक्षरं गिरवायला लावलेला तो हात, सही कशी गोल, टपोरी.

महिनाभरानं पत्र आलं. 'खाजगी वाहन मोबदला घेऊन भाड्याने वापरल्याचे वाहनमालकाच्या जबाबावरून दिसते. सबब दावा नामंजूर.'

तिनं ते तीनदा वाचलं. मोबदला? आपल्याकडं लग्नात टोपी-दुपट्टा कोणाला मिळत नाही? मामाला मिळतो, मास्तरला मिळतो, मांडववाल्याला मिळतो. ती टोपी कोणी घालत नाही, तो दुपट्टा कोणी वापरत नाही. पेटीत पडून राहतो, पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या खांद्यावर जातो. गावोगाव फिरून कधी आपल्याच दारी परत येतो. त्याचं भाडं कोणत्या कोष्टकात बसतं?

मग कंपनीचा फोन आला. यवतमाळला या, मिटवून टाकू.

कंपनीच्या ऑफिसात गारेगार हवा होती. कपिल कुबडी टेकवून बसला, नानाजी त्याच्या बाजूला, बेबीताई पुढं. शाखा अधिकारी इंद्रजित साहेब मऊ बोलणारे. त्यांनी एक कागद सरकवला. "ताई, तडजोड म्हणून कंपनी अर्धी रक्कम द्यायला तयार आहे. इथं फक्त सही करा."

बेबीताईनं चष्मा लावला. बोट ठेवून वाचत गेली, एका ओळीवर थांबली. "'अपघाताच्या दिवशी वाहन भाड्याने दिले होते, हे मला मान्य आहे.' हे काय लिवलं, साहेब?"

"फॉर्म्यालिटी आहे हो."

"विमलताईच्या सुनेले कळा सुटल्या, भर पावसात हेच गाडी नेली. उकंडाबुवाले साप चावला, हेच गाडी. कोनाकडून रुपया घेतला नाई. अन् आता म्या लिवून देऊ, का मी भाडं घेतो?"

कपिल हळूच म्हणाला, "माय, अर्धे तं भेटून राह्यले. गाडी उभी तं राहीन."

तिनं लेकाच्या पायाकडं पाहिलं. मग पिशवीत हात घातला. पांढरी टोपी काढली, शाईचा निळा डाग असलेली. केशरी दुपट्टा काढला. पाकीट काढलं. उठली, आणि साहेबांच्या डोक्यावर टोपी, खांद्यावर दुपट्टा, हातात पाकीट, असा सगळ्या ऑफिसादेखत मान केला.

साहेब ताडकन उठले. "अहो ताई! हे काय? मला काही घेता येत नाही!"

"काहून? एकशे एकच हायेत."

"लोक काय म्हणतील?"

"मनतीन, इंद्रजित साहेब भाड्यानं भेटते."

काउंटरपुढच्या रांगेतल्या कोणाला तरी ठसका लागला. नानाजी खाकरून म्हणाले, "साहेब, आमच्या वस्तीतून दिग्रस, जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर. एकशे एक रुपयात नेनारा भाडेवाला तुमाले ठाऊक असन तं पत्ता द्या. अजून दोन पोरी हायेत माह्या."

आता सगळं ऑफिस हसलं. साहेबांनी टोपी काढली, हातात फिरवली, निळ्या डागावरून अंगठा फिरवला. आवाज खाली आला आणि त्याबरोबर त्यांच्या गावची, उमरखेडची बोली वर आली. "माह्या मायच्या पेटीत अशा वीसेक हायेत, ताई. पण निर्णय नागपूरच्या ऑफिसचा. माह्या हातात नाई."

"तुमच्या हातात पेन तं हाय? माहा जबाब नव्यानं घ्या. माह्या शब्दात."

तिनं उभ्यानंच लिहिला. टोपी म्हणजे काय, दुपट्टा म्हणजे काय, कोणाला देतात, का देतात. पान भरलं. खाली दोन ओळी आणखी उतरल्या, दळण सरल्यावरही जातं थोडं फिरत राहावं तशा:

*लेक निघाली सासरी, गाडी दारात सजली*
*मानाच्या या दुपट्ट्याची, कोनं किंमत मोजली*

साहेबांनी वाचलं. "हे गाणं काढता येईल का?"

"नाई. थो माहा पुरावा हाय. शिक्का मारा अन् पोच द्या."

शिक्का बसला. अर्ध्या पैशांचा कागद टेबलावर सहीविनाच राहिला. तिनं पाकीट उचलून पिशवीत टाकलं. टोपी-दुपट्ट्याला हात लावला नाही.

"ताई, हे?"

"पैसे वापस नेतो, तुमचा नियम हाय. मान वापस नेत नसते."

बाहेर ऊन मी म्हणत होतं. कुबडी टकटक करत कपिल पायऱ्या उतरला. "माय, नागपूरनं नाई म्हटलं तं?"

"तं ग्राहक मंच."

"थ्यायनंई नाई म्हटलं तं?"

बेबीताईनं पिशवी खांद्यावर सारली. "तं त्याच्या वरचे. घरी पेटीत अजून तेरा टोप्या हायेत, बाप्पा."