सापडलेल्या बॉलांची खोली

पैज जिंकली तर मोजणीदारांना एक खोली मिळणार होती, आणि ती आधीपासून त्यांच्याच ताब्यात होती. म्हणजे नफा शून्य. हरले तर मात्र ती जाणार होती. असल्या पैजेला शहाणा माणूस हात लावत नाही. पण मोजणीदार लग्नात मुरलेले गृहस्थ. बायकोला तोंडावर नाही म्हणण्यापेक्षा पैज लावणं त्यांना स्वस्त वाटलं.

बायकोचा फायदा सरळ होता. तिला नवऱ्याचा सगळा क्लब वहिनी म्हणे, आपणही तेच म्हणू. वहिनी पडदे शिवत. इतकी वर्षं शेजारच्या, ओळखीच्या घरांचे शिवले, आणि आता एका होस्टेलच्या सगळ्या खिडक्यांचं काम हाती आलं होतं. त्यासाठी त्यांनी मोठं कटिंग टेबल केलं. ते आलं आणि जागा नाही म्हणून पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभं राहिलं. घरातली माणसं खेकड्यासारखी आडवी चालायला लागली. जेवणाच्या टेबलावर कापड कापून पाहिलं, तर ताग्याचं वजन खाली ओढायचं आणि पडदा तिरका यायचा. होस्टेलच्या मॅनेजरने बजावलं होतं, पहिली खेप महिनाअखेर आली नाही तर काम दुसऱ्याला. टेबल मावेल अशी घरात एकच खोली होती, मागची, मोठ्या खिडकीची. तिच्यात बॉल होते.

गोल्फचे बॉल. अंड्यांच्या ट्रेमध्ये, रंगाच्या रिकाम्या बादल्यांमध्ये, बुटांच्या खोक्यांमध्ये. एकही विकत घेतलेला नाही. मोजणीदारांनी जन्मभर सरकारी जमिनी मोजल्या, गवतात बुडालेले हद्दीचे दगड शोधले, त्यामुळे नजर अशी तयार झालेली की दुसऱ्याला जिथे नुसतं गवत दिसे तिथे त्यांना बॉल दिसे. निवृत्तीनंतर क्लबात खेळायला लागले, म्हणजे निमित्ताला खेळत; खरं काम झुडपात असे. मैदानावर सांडलेलं सगळं टिपून नेतात म्हणून मित्रांनी त्यांचं नाव ठेवलं होतं टिपकागद. घरी आणलेला बॉल ते बाथरूममध्ये जुन्या टूथब्रशने घासत. टूथब्रश कितपत जुना, यावर घरात एकदा रागारागी झाली होती.

"अहो, यातला एक तरी बॉल कुणाला हवा आहे का?" वहिनी म्हणाल्या. "फुकट दिला तरी कुणी नेणार नाही."

"अगं, तुला खेळातलं काय कळतं? लोक जीव टाकतील."

"मग बोलवा तुमच्या लोकांना रविवारी चहाला. एकाने जरी आपल्या तोंडाने मागून एक बॉल घरी नेला, तर खोली तुमची. मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही नेला, तर सोमवारी भंगारवाला."

"लागली पैज."

वहिनींचा हिशेब पक्का होता. क्लबातली माणसं खाऊनपिऊन सुखी. खिशात नवे कोरे बॉल. ती कशाला कुणाचे उष्टे बॉल मागतील? गोल्फ खेळणाऱ्या माणसाबद्दल एक गोष्ट मात्र वहिनींना ठाऊक नव्हती. नवा डबा विकत आणणारा माणूसही काट्यात शिरून, शर्ट फाडून, कुणाचा तरी हरवलेला बॉल काढतो आणि वारसाहक्काने बंगला मिळाल्यासारखा हसत बाहेर येतो. दुकानातला बॉल खर्चाच्या बाजूला जातो. सापडलेला निव्वळ जमेला.

रविवारी चौघं आले. औषधांच्या दुकानाचा मालक, दातांचा डॉक्टर, शाळेतून निवृत्त झालेल्या हेडबाई, आणि कंत्राटदार. पॅसेजमधून एकेक जण पोट आत घेऊन मागच्या खोलीत पोचला. कंत्राटदाराला पोट आत घेण्याची सवय नव्हती, त्याला थोडा वेळ लागला.

"टिपकागदा, हे काय रे!" औषधवाला दारातच थांबला. "आख्खं मैदान उचलून आणलंस की!"

"मैदान जागेवरच आहे. हे वरचं उत्पन्न."

औषधवाल्याने एक ट्रे चाळला आणि मधूनच एक बॉल उचलला. बॉलवर चीर पडलेली, हसणाऱ्या तोंडासारखी. "अरे, हा! शिकत होतो तेव्हा माझ्याकडे अस्साच एक होता. एकच. पहिल्याच आठवड्यात चुकीचा फटका बसला आणि त्याचं तोंड फाटलं. दुसरा घ्यायला पैसे कुठले? मग मारताना चीर जमिनीकडे करून ठेवायचो, म्हणजे त्याला दुखणार नाही."

"आणि जायचा कुठे?" डॉक्टरने विचारलं.

"त्याच्या मर्जीने. हवेत शिट्टी वाजवत जायचा. लोक आधी शिट्टी ऐकायचे, मग खाली वाकायचे." त्याने बॉल तळहातावर फिरवला. "वहिनी, हा मी नेऊ का?"

दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या वहिनींकडून चहा बशीत सांडला. पैज संपली होती. अजून कुणी बिस्किटालासुद्धा हात लावला नव्हता.

मोजणीदार बायकोकडे बघून असे हसले की बॉलची ती चीर बरी. "ने रे," ते म्हणाले, "खुशाल ने. बॉलला मोल नसतं, आठवणीला असतं."

हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. सुंदर वाक्य बोललं की माणूस त्याला बांधला जातो.

"तुझा निदान बॉल तरी होता," डॉक्टर म्हणाला. "आम्ही तळ्यातून काढायचो. बांबूला चहाची गाळणी बांधून. आईची गाळणी. घरी चहात पत्ती यायला लागली तेव्हा चोरी उघडकीला आली. वर त्या बॉलला दाराचा पांढरा रंग फासायचो. रंग ओला असतानाच खेळायचो, त्यामुळे काठी पांढरी, हात पांढरे, बॉल पुन्हा काळा."

"गाळणी होती म्हणजे तुम्ही श्रीमंतच," औषधवाला म्हणाला.

गरिबीची अशी बोली लागली की बसायला खुर्चीही नको झाली. कंपनीने आपल्याच नावावर फुल्या मारून स्वस्तात काढलेले नापास बॉल. टायरच्या दुकानात फुकट मिळालेला पिवळा बॉल. सरावाच्या मैदानावरचा लाल पट्ट्याचा बॉल, जो घरी नेणं म्हणजे चोरी, पण "तो पिशवीत आपोआप आला". जो तो आपापला दाखला ट्रेमधून उचलून काढत होता आणि उचललेला खाली ठेवत नव्हता.

कंत्राटदाराकडे मात्र एकही दाखला नव्हता. त्याचे वडील कंत्राटदार, आजोबा कंत्राटदार. पहिल्या दिवसापासून तो नव्या डब्यातून खेळलेला. तळ्यावरून मारायची वेळ आली की बाकीचे नवा बॉल खिशात घालून जुना काढत; हा नवाच मारायचा, बुडाला की दुसरा नवा काढायचा. आज पहिल्यांदाच त्याला मान खाली घालून उभं राहावं लागत होतं.

"माझा पण एक होता," शेवटी तो म्हणाला. "जुना."

"किती जुना?"

"म्हणजे... तीन-चार दिवस खेळलेला."

खोलीत इतका हशा झाला की बादलीतले बॉल हलले. कंत्राटदार लाल झाला. "हसा. मलाही घेऊ द्या थोडे. पुढेमागे आठवण होईल." आणि ज्याच्याकडे आठवण नव्हती त्याने आख्खी बादलीच उचलली.

मोजणीदारांचं हसू इथे जरा आखडलं. एक बॉल म्हणजे विजय. बादली म्हणजे नुकसान. पण मोल आठवणीला असतं असं आत्ताच चारचौघांत म्हणून झालं होतं, आणि पुढच्या आठवणीची तर सोयही होत होती. ते म्हणाले, "ने."

वहिनी तोवर हरल्याचं दुःख करून मोकळ्या झाल्या होत्या. हरलेला माणूस बहुधा आत जाऊन आदळआपट करतो. वहिनी आत गेल्या त्या उशांचे जुने अभ्रे घेऊन आल्या. "असे हातात किती मावणार, भाऊजी? यात भरा. संकोच कसला? घरचंच आहे. डॉक्टर, तुम्ही फारच थोडे घेतलेत."

हेडबाईंनी अजून काही घेतलं नव्हतं. त्या खिडकीशी उभ्या होत्या. खिडकीच्या फळीवर बाटलीच्या झाकणात एकच बॉल बसवलेला होता, पिवळा पडलेला, निळ्या शाईचे तीन ठिपके असलेला.

"आमच्याकडे असा होता," त्या म्हणाल्या. "मला आणि दादाला मिळून एक. एक फटका त्याचा, एक माझा. ठिपके दादाने काढले होते, शाळेच्या दौतीतून. एकदा मी मारला तो नाल्यावरच्या पुलापलीकडे गेला. अंधार पडेपर्यंत शोधला. दादा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. नंतर मोठा झाला, चांगले डबेच्या डबे आणायचा, पण दरवेळी म्हणायचा, 'तो तू घालवलास.' गेल्या वर्षी गेला, तोपर्यंत म्हणत होता."

मोजणीदारांचा चहा हातातच राहिला. नव्या नोकरीत असताना, त्या भागाची मोजणी करताना, साखळीचं टोक धरून ते नाल्यात उतरले होते. पुलापलीकडे गवतात हा बॉल मिळाला. तोवर त्यांनी गोल्फ पाहिलंही नव्हतं. ही काय वस्तू आहे हे विचारायला ते क्लबाच्या फाटकाशी गेले, आणि बॉल टिपण्याचं वेड तिथून जे लागलं ते लागलं; खेळणं निवृत्तीनंतरचं. खोलीतला बाकी सगळा माल या एका बॉलच्या मागून आला होता.

गप्प राहिले असते तर कुणाला कळणार नव्हतं. फळीवरचा बॉल कुणी मागितलाही नव्हता. पण दोन शेजाऱ्यांच्या हद्दीच्या भांडणात जन्म काढलेला माणूस. सापडलेली वस्तू ही कुणाची तरी हरवलेली असते, हे त्यांनी जमिनीच्या बाबतीत शेकडो लोकांना ऐकवलं होतं. बॉलच्या बाबतीत आज पहिल्यांदाच स्वतःला ऐकवावं लागलं.

"बाई," ते म्हणाले, "तो मला पुलापलीकडेच मिळाला. नाल्यात."

हेडबाईंनी बॉल उचलून उजेडात धरला. ठिपके नीट पाहिले. मग चष्म्यावरून मोजणीदारांकडे बघत म्हणाल्या, "असं का? मग इतक्या वर्षांचं भाडं काढा."

"बॉल घेऊन जा, भाडं माफ करा."

"विचार करते," असं म्हणून हेडबाईंनी तो पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन लावली. अभ्रा नको म्हणाल्या.

वहिनींनी हातातल्या अभ्र्याची घडी घातली. कुठला बॉल गेला ते त्यांना माहीत होतं. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा नवऱ्याच्या सामानात एक ट्रंक आणि तो बॉल होता. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुमचा चहा गार झाला. दुसरा आणते." त्या दिवशी त्यांनी पुढे कुणाला आग्रह केला नाही.

आग्रहाची गरजही उरली नव्हती. सोमवारी औषधाच्या दुकानात ही गोष्ट झाली, मंगळवारी दातांच्या खुर्चीत झाली. तिथे तर ऐकणाऱ्याला तोंड मिटून नको म्हणायचीही सोय नाही. संध्याकाळी अनोळखी माणसं बेल वाजवायला लागली. "तुम्ही जुने बॉल वाटताय म्हणे? माझी पण एक आठवण आहे." आठवणी दिवसेंदिवस आखूड होत गेल्या आणि पिशव्या मोठ्या. शेवटच्या माणसाने आठवण सांगितलीच नाही. तो म्हणाला, "तसंच, सगळ्यांचं होतं तसंच," आणि उरलेले दोन ट्रे घेऊन गेला.

शनिवारी मोजणीदार रिकाम्या खोलीच्या मधोमध उभे होते. "पैज मी जिंकलोय," त्यांनी बजावलं.

"जिंकलातच की! मी कुठे नाही म्हणते?"

"खोली माझी."

"तुमचीच. मी फक्त विचारते, तुमच्या खोलीत माझं टेबल ठेवलं तर चालेल का? तुम्ही नाही म्हणालात तर पॅसेजमध्ये राहील."

मालकाला कुणी परवानगी मागितली की मालकाचं निम्मं भांडण संपतं. मोजणीदारांनी टेप आणली, दार मोजलं, टेबल मोजलं, दार बिजागऱ्यांतून काढल्याशिवाय जमणार नाही असा निकाल दिला आणि स्वतःच पेचकस घेऊन बसले. टेबल आत गेलं. खिडकीखाली एक बुटाचं खोकं मावेल एवढी जागा राहिली.

"ही तुमची," वहिनी म्हणाल्या. "एक खोकं. भरलं की आधी एखादी आठवण बाहेर काढायची, मग नवा बॉल आत."

होस्टेलचे पडदे वेळेवर लागले. सरळ लागले.

आता या सगळ्याची किंमत कोणी किती भरली ते पाहू. औषधवाल्याने हसणारा बॉल गल्ल्यावर ठेवला, त्याचं काही गेलं नाही. डॉक्टरच्या बायकोने सगळे बॉल कुंड्यांच्या तळाशी घातले, म्हणजे खडी वाचली, तिथेही जमाच. कंत्राटदाराने बादली नेऊन एकेक फटका मारत एका सकाळीत तळ्यात रिकामी केली आणि चारचौघांत सांगितलं, आता माझीपण आठवण झाली. गेलं ते फुकटचं. चहा, साखर, बिस्किटं आणि अभ्रे वहिनींचे गेले खरे, पण ते होस्टेलच्या बिलात किरकोळमध्ये बसले, म्हणजे ते भरले होस्टेलने. हेडबाईंनी भाडं माफ केलं की नाही ते अजून कळवलेलं नाही. राहता राहिले पैज जिंकलेले मोजणीदार. तीन ठिपक्यांच्या त्या एका बॉलची पुरी किंमत भरली ती त्यांनी एकट्याने, आणि तीही कुणी मागितलेली नसताना, आपल्या तोंडाने कबूल करून. त्यामुळे ती वहिनींच्या नावावर टाकायची सोयसुद्धा राहिली नाही.