नकाशावरची सुपारी

आमच्या तलावाची पाळ हातभर उंच करायची ठरली, तेव्हा पाणी कुठवर चढेल हे मयुरीने आधी लॅपटॉपवर दाखवायचं होतं. मयुरी आमच्याच गावची, इंजिनिअर झालेली. तिने गावचे चढउतार मोजून लॅपटॉपात भरले होते, पण त्यात घरं नव्हती. आकाशातून काढलेल्या फोटोत आमचं गाव मोहाचिंचेखाली लपून जातं. म्हणून आम्ही बायकांनी शाळेच्या अंगणात रांगोळीने गाव काढलं. तलाव निळीचा, घरं वालाच्या दाण्यांची. शाळेच्या जागी वीट, हातपंपाच्या जागी बाटलीचं झाकण आणि तलावापलीकडच्या देवाच्या दगडासाठी सुपारी. पूजेत मूर्ती नसली की सुपारीच देव, ते कोणाला सांगावं लागलं नाही.

मयुरीने शाळेच्या गच्चीवरून फोटो काढला. मग शाळा, हातपंप आणि देवाचा दगड, तिन्हीकडे पायी जाऊन मोबाईलवर त्या जागा मोजून आणल्या.

"मोठी आई, फोटोले या तीन ठिकाणी खिळे ठोकले का तो जमिनीवर बरोबर बसते," ती मला म्हणाली.

दुपारी ग्रामसभा होती. पाळीचं काम मंजूर करणारे पाटबंधारे खात्याचे साहेब यायच्या आधी तिने लॅपटॉपवर फोटो बसवला आणि कपाळाला हात लावला. रांगोळीतला तलाव टेकडीवर चढला होता, आणि लॅपटॉपातलं पाणी सोडल्यावर माझं घर पार मधोमध बुडालं होतं.

"साहेबाले असंच दाखवशीन त माझं घर उठवतीन," मी म्हटलं.

"पाणी बरोबर हाये. फोटोच वाकडा बसला."

"मंग सरळ कर."

तिने फोटो मोठा करून पाहिला. वीट जागेवर होती, झाकण जागेवर होतं. सुपारी मात्र तलावाच्या अलीकडे, माझे शेजारी वारलूभाऊ यांच्या दारात. लॅपटॉपने इमानदारीने वारलूभाऊंचं दार उचलून देवाच्या दगडावर नेलं होतं, आणि त्या ओढीत माझं घर पाण्यात गेलं होतं.

वारलूभाऊ मागेच उभे होते, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत.

"भाऊ, देव तुमच्या दारात काऊन आला?" मी विचारलं.

"भक्ती असन माही."

"वारलूभाऊ."

"आता खर्र्याले सुपारी कमी पडली, बाई. अन् ती तिथी रिकामीच पडून होती."

"देव खाल्ला तुमी?"

"खाल्ला त दुसरा आणून ठेवला ना. हात पुरला तिथी ठेवला. त्या रांगोळीवरून तलाव ओलांडून जाऊ का आता?"

"नवीन फोटो काढ मंग," मी मयुरीला म्हटलं.

"कशाचा काढू? शेळ्या सारं गाव खाऊन गेल्या."

ती पुन्हा फोटो न्याहाळत बसली. एका कोपऱ्यात माझा पाय आला होता. कोणी माझ्या घराचा दाणा सरकवू नये म्हणून मी रांगोळीतल्या घरापाशीच बसून होते, फोटोसाठी उठ म्हटलं तरी उठले नव्हते.

"मोठी आई, ही टाच तुमच्या उंबऱ्यावर हाये का?"

"उंबऱ्यावरच. रेघ मीच काढली."

मयुरी धावत माझ्या घरी गेली आणि उंबरा मोजून आली. सुपारीचा खिळा काढला, टाचेचा ठोकला. फोटो गर्रकन फिरला आणि गाव आपापल्या जागी येऊन बसलं. पाणी माझ्या कुंपणाशी थांबलं. वारलूभाऊंचं घरही कोरडं होतं, फक्त मागची तणशीची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, गंजी पाण्यात उभी होती.

"टाच परत मोजा," वारलूभाऊ म्हणाले. "थंडीनं आखडली असन."

तेवढ्यात साहेब आले. त्यांनी चष्मा लावून पडदा पाहिला. "हा तिसरा बिंदू कशाचा?"

"कमळाबाईची टाच," मयुरी म्हणाली.

साहेबांनी बराच वेळ माझ्या पायांकडे पाहिलं. "स्थिर आहे का?"

"मी कुठी नाई जात, साहेब."

पाळ उंच झाली. पाणी कुंपणाशी आलं आणि थांबलं. वारलूभाऊंची तणस आता माझ्या अंगणात रचली आहे, कारण जवळची कोरडी जागा तेवढीच. त्यांची गाय रोज सकाळी माझ्या दारात येऊन खाते. मी हाकलत नाही. शेण माझं, असं ठरलं आहे.