सहा जणांचा एकच कोट

मी एक जुना, राखाडी लोकरीचा कोट आहे. मित्रांनो, माझी शिलाई इतकी सुबक, की पाहणाऱ्याला वाटावे, याचा मालक मोठा साहेब असणार. माझा मालक मेलेसिओ हा फिलिपिन्सहून कॅलिफोर्नियात आलेला मजूर होता. स्टॉकटनजवळच्या शेतांत दिवसभर वाकून तो शतावरीचे कोंब कापायचा. त्याच्या खोपटात सहा जण राहत आणि सहांत धड कोट मी एकटाच.

रविवारी ते मला आळीपाळीने चढवून फोटो काढायला जात. ठेंगण्या बिटोच्या मी गुडघ्यांपर्यंत येई. "अरे, कोटच तुला घालून चाललाय!" बाकीचे ओरडत. फोटो गावी जात. सोबत मेलेसिओ आईला लिही, 'मी कचेरीत कामाला आहे.'

एकदाच तो मला घालून खाणावळीत जेवायला गेला. गोऱ्या खाणावळवाल्याने दारातच अडवले. "तुम्हा लोकांना इथे वाढत नाही." तशी पाटी दारावर होतीच; पण कोट पाहून आत घेतील, असे मेलेसिओला वाटले होते. त्या दिवशी मला माझी लायकी कळली.

पुढे तो फोटो पाहून त्याचा धाकटा भाऊ फर्मिन गावातली मास्तरकी सोडून आला. खोपटात शिरताच खिळ्यावर लटकणाऱ्या मला त्याने ओळखले.

"मनोंग," थोरल्या भावाला ते अशीच हाक मारतात, "कचेरी कुठाय तुझी?"

मेलेसिओने मान खाली घातली. "तू येशील असं वाटलं नव्हतं रे."

"वर्गात पोरांना तुझा फोटो दाखवायचो मी! शिकाल तर असे व्हाल म्हणून!"

दुसऱ्या दिवसापासून फर्मिनही शेतात वाकू लागला. उन्हाळा सरेपर्यंत त्याचीही पाठ धरली. मग आईचे पत्र आले, 'तुझा फोटो अजून का नाही?' फर्मिनने मुकाट्याने मला अंगात घातले.

"निदान तू तरी खरं लिही," मेलेसिओ म्हणाला.

"तिनं गावभर सांगितलंय, मनोंग. आता तिला खोटं पाडू?"

फोटोत तो छान हसला.

दोघेही परत गेले नाहीत. कामामागे फर्मिन दूर निघून गेला आणि म्हातारपणी मेलेसिओ भाड्याच्या खोलीत एकटाच वारला. तीन दिवस कुणाला पत्ता नव्हता.

त्या खोलीतल्या सामानात सापडलेला मी आता संग्रहालयात काचेआड आहे. माझा रंग उडू नये म्हणून इथे पडदे ओढून घेतात. मेलेसिओच्या डोक्यावर चाळीस वर्षांत कुणी सावली धरली नाही. मित्रांनो, मला जपू नका. तुमच्या गल्लीत परमुलखातून आलेला कुणी एकटा म्हातारा असेल, तर तो जिवंत आहे तोवर त्याच्याजवळ जाऊन बसा.