डुकरासाठी लावलेली तार

गडमुडशिंगीच्या भूपाल मगदूमांना अख्खं गाव अण्णा म्हणायचं. वय एकसष्ट. दिवस मावळल्यावर अन्न न घेणारा, बसदीत, म्हणजे जैन मंदिरात, कधी अभिषेक न चुकवणारा माणूस. सप्टेंबरातल्या त्या सकाळी पोलिसांनी त्यांना जीपमध्ये बसवलं, तेव्हा त्यांच्या अंगात नुसती बंडी होती आणि पायांत काहीच नव्हतं.

शेजारच्या वावरातला आकाराम पोवार सकाळी सहाला मोटर सुरू करायला आला आणि अण्णांच्या भुईमुगाभोवतीच्या तारेवर पडला. पडला तो उठलाच नाही. तार अण्णांनीच लावलेली. रानडुकरं एका रात्रीत चार-चार सऱ्या उकरून टाकत होती. अण्णा संध्याकाळी मोटरच्या पेटीतून तारेत वीज सोडायचे आणि उजाडायच्या आत जाऊन बंद करायचे. त्या दिवशी त्यांचा डोळा लागला. जाग आली ती रस्त्यावरच्या आरडाओरड्यानं.

आकारामाचा मुलगा सयाजी यानं दुपारी फिर्याद दिली. तीन वर्षांपूर्वी बांधावरून दोन घरांचं भांडण झालं होतं आणि चारचौघांत अण्णा आकारामाला म्हणाले होते, "तुला एकदा दाखवतोच." सयाजीनं तेच सांगितलं. गुन्हा खुनाचा दाखल झाला. हवालदारानं अटकेचं कारण लिहिलेला कागद वाचून दाखवला, खाली सही घेतली. अण्णांच्या कानात त्यातला एक शब्द शिरला नाही. लॉकअपमध्ये साडेसातला जेवण आलं. बाहेर अंधार पडला होता. अण्णांनी ताट तसंच सरकवून दिलं आणि भिंतीला पाठ लावून बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी कसबा बावड्याच्या कोर्टात त्यांना मॅजिस्ट्रेटपुढं उभं केलं.

"मारहाण केली का कुणी?"

"न्हाय साहेब. कुणी बोट लावलं न्हाय."

"घरी कळवलंय? वकील दिलाय?"

"वकील कशाला, साहेब? माणूस माझ्यामुळंच मेलाय. मी सरळ सांगतो..."

"थांबा." मॅजिस्ट्रेटांनी पेन खाली ठेवलं. "आत्ता इथं एक शब्द बोलू नका. वकील नसेल तर सरकारी खर्चानं मिळतो. तो तुमचा हक्क आहे. नको म्हणायची घाई करू नका."

विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीतल्या अनुजा भोसले मागच्या बाकावरून उठून पुढं आल्या. तिशीतल्या, अंगात काळा कोट अडकवलेल्या. त्यांनी वकीलपत्र पुढं केलं. अण्णांनी कुठं सही करायची ते विचारलं आणि केली. कशावर सही केली ते विचारलं नाही. चार दिवसांची पोलीस कोठडी मिळाली.

फौजदार वाईट माणूस नव्हता. आवाज चढवायचा नाही, स्वतःचा चहा पुढं करायचा. पण रोज तेच सांगायचा.

"अण्णा, तुमच्यासारखा माणूस खोटं बोलणार न्हाय, मला म्हाईत हाय. मॅजिस्ट्रेटपुढं सांगून टाका. बांधाचा राग होता, म्हणून तार सोडली. एकदा बोलला की मन हलकं हुतंय बघा."

राग होता हे खरं होतं. तार सोडली हेही खरं. 'म्हणून' तेवढं खोटं होतं. पण तिसऱ्या दिवशी अण्णांना वाटायला लागलं, आकाराम तर गेला. मधला एक शब्द खरा काय आणि खोटा काय, त्याच्या बायकोला काय फरक पडणार? इथून बाहेर पडायला वाट नाही, गावात तोंड दाखवायला जागा नाही. मग जी शिक्षा मिळेल ती घ्यावी. ते "बरं" म्हणाले.

त्याच दुपारी अनुजा ठाण्यात आल्या. चौकशी चालू असताना वकिलाला भेटायचा हक्क आहे, असं त्यांनी ठाणे अंमलदाराला दोनदा सांगितलं, तेव्हा व्हरांड्यातलं बाकडं मिळालं. शिपाई दिसेल एवढ्या अंतरावर, पण ऐकू येणार नाही असा उभा राहिला.

"काका, तुम्ही कबुलीजबाब द्यायला तयार झालाय असं ऐकलं."

"व्हय."

"पोलिसांपुढं काही कबूल केलंत तर कोर्ट ते धरत नाही. म्हणून ते तुम्हाला मॅजिस्ट्रेटपुढं नेणार. तिथं बोललात की ते कागदावर कायमचं राहील. आणि कबूल करताय ते काय? मुद्दाम मारलं म्हणून?"

"मेलाय न्हवं का माणूस?"

"मेलाय. त्याची शिक्षा होईल तेव्हा होईल. पण जे केलं तेवढंच अंगावर घ्या. सयाजीला वाटतंय म्हणून, फौजदाराला तपास संपवायचाय म्हणून, जास्तीचं घेऊ नका."

अण्णा हळू आवाजात म्हणाले, "बाई, एक सांगू का? कुणालाच सांगितलं न्हाय. माझ्या बायकोला, राजमतीला सुद्धा."

"मला सांगा. वकिलाला सांगितलेलं मी बाहेर सांगू शकत नाही. मला कुणी विचारलं तरी."

"आकारामाच्या आधी पंधरा दिवस तारेवर डुकराचं पिल्लू मेलतं. एवढंसं. मी म्हणत हुतो, नुसता झटका बसंल, पळून जातील. ते पिल्लू काळं पडलतं. मी खड्डा काढून पुरलं, वर पाला टाकला. आन् दुसऱ्या दिवशी पुन्हा तार चालू केली. मला कळलं हुतं, बाई. ही तार जीव घेती हे मला कळलं हुतं."

अनुजांना या एका वाक्याचं वजन माहीत होतं. तार निष्काळजीपणानं लावली म्हणणं वेगळं, आणि जीव जाईल हे ठाऊक असून चालू ठेवली म्हणणं वेगळं. शिक्षेत कित्येक वर्षांचा फरक पडतो.

"काका," त्या म्हणाल्या, "हे तुम्ही कुणाला सांगायलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. पण मी तुम्हाला खोटं बोलायलाही सांगणार नाही. बाकी तुमचं तुम्ही ठरवा."

दोन दिवसांनी अण्णांना कबुलीजबाबासाठी नेलं, तेव्हा मॅजिस्ट्रेटांनी आपल्या खोलीतून सगळ्या पोलिसांना बाहेर काढलं, दार लावून घेतलं. म्हणाले, "कबुलीजबाब द्यायची तुमच्यावर सक्ती नाही. दिलात तर तुमच्याविरुद्ध वापरला जाईल. नाही दिलात तरी तुम्हाला पोलिसांच्या ताब्यात परत देणार नाही, हे लक्षात ठेवा. उद्यापर्यंत विचार करा." आणि अण्णांना कळंब्याच्या तुरुंगात पाठवलं.

बराकीत पन्नासेक माणसं होती. कुणी कुशीवर वळलं की शेजाऱ्यालाही वळावं लागायचं. शेजारी चंदगडचा एक माणूस होता, तीन वर्षं केस उभी राहायची वाट बघणारा. त्यानं सल्ला दिला, "कबूल करू नगा. आन् न्हाय बी म्हणू नगा. नुसतं तारीख घ्या." अण्णांना त्या रात्री झोप आली नाही. कबूल करावं तर खुनी म्हणून, न करावं तर लपवणारा म्हणून. ज्या बाजूला वळावं तिकडं भिंत होती.

सकाळी ते मॅजिस्ट्रेटांना एवढंच म्हणाले, "मला हितं काही सांगायचं न्हाय, साहेब."

बाहेर फौजदारानं त्यांच्याकडं बघितलं नाही. जिन्यावर सयाजी उभा होता. तो मात्र मोठ्यानं म्हणाला, "शिकवलं वाटतं वकिलानं!" अण्णांनी मान खाली घातली. सयाजी खोटं बोलत नव्हता.

पुढचे महिने कळंब्यातच गेले. दोषारोपपत्र आलं, दीडशे पानांचं. त्याची प्रत फुकट मिळते हे अण्णांना तेव्हा कळलं. राजमती भेटीला आली की जाळीपलीकडून विचारायची, "अवो, जेवताय न्हवं?" अनुजांनी अर्ज दिला होता, त्यामुळं त्यांना जेवण दिवस असताना मिळायला लागलं होतं. ते "व्हय" म्हणायचे.

मार्चमध्ये सत्र न्यायाधीशांनी दोन्ही बाजू ऐकल्या. बांधाचं भांडण जुनं आहे, तार भुईमुगाच्या चारही बाजूंनी होती, ती कुणा एकासाठी लावलेली नव्हती, असं अनुजांनी मांडलं. खुनाचं कलम गेलं. सदोष मनुष्यवधाचा आरोप ठेवला गेला, म्हणजे मारायचा हेतू नसला तरी जीव जाऊ शकतो हे ठाऊक असताना केलेलं कृत्य. कोर्टाच्या शिरस्तेदारानं तो मराठीत वाचून दाखवला.

"आरोप मान्य आहे का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"साहेब, तार मी लावली. पण..."

"पण नाही. मान्य की अमान्य, एवढंच सांगा."

मागच्या बाकावर आकारामाची बायको धोंडुबाई बसली होती. तिची नजर अण्णांना मानेवर जाणवत होती. अनुजा हलकेच म्हणाल्या, "अमान्य म्हटलं की फक्त पुरावा तपासा असा अर्थ होतो, काका."

"अमान्य," अण्णा म्हणाले.

मग जामीन झाला, पण गावच्या हद्दीत पाय ठेवायचा नाही या अटीवर. राजमतीच्या भावाचा शहरातल्या राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट होता. खाली कोचिंग क्लास, वर दोन खोल्या. शेतात हिंडणारा माणूस तिथं खिडकीच्या गजाला धरून रस्त्यावरच्या दुचाक्या बघत बसायचा. सोमवारी ठाण्यात हजेरी, तारखेला कोर्ट. तुरुंगात निदान कळत तरी होतं की आपण आत आहोत, असं त्यांनी एकदा राजमतीला सांगितलं. ती रडली, म्हणून पुन्हा कधी बोलले नाहीत.

खटल्यात धोंडुबाईची साक्ष झाली. सरकारी वकिलांनी बांधाच्या भांडणाचं विचारलं. ती म्हणाली, "ते मिटलतं. माझ्या नातीच्या बारशाला अण्णा येऊन जेवून गेलेत." सयाजी मागं चुळबुळला. मग ती अण्णांकडं वळली आणि आवाज चढला, "पण तारंचं मी सांगितलतं की! दोनदा सांगितलतं, अण्णा, पोरंबाळं येत्यात, काढा ती तार. ऐकलं का तुमी?" न्यायाधीशांनी तिला थांबवलं नाही.

साक्षी संपल्यावर न्यायाधीशांनी आरोपीला स्वतः प्रश्न विचारायचे असतात. शपथ नसते, उत्तर द्यायची सक्तीही नसते. अनुजांनी आदल्या दिवशी सगळं समजावलं होतं. पिल्लाचा कागदावर कुठंच उल्लेख नव्हता. कुणी विचारणारही नव्हतं.

"आणखी काही सांगायचंय?" शेवटी न्यायाधीश म्हणाले.

अण्णांनी कठड्याला घट्ट धरलं. "आकारामला मारायचं माझ्या मनात न्हवतं, साहेब. ते खोटं हाय. पण त्याच्या आधी पंधरा दिवस त्या तारंवर डुकराचं पिल्लू मेलतं. मी पुरलं. तार जीव घेती हे मला म्हाईत हुतं. तरी चालू ठेवली. धोंडूवहिनी खरं बोलल्या."

अनुजांनी डोळे मिटून घेतले. टंकलेखकाची बोटं क्षणभर थांबली, मग पुन्हा चालू झाली.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. पाच वर्षं सक्तमजुरी. आत काढलेले महिने वजा. न्यायाधीशांनी सांगितलं, की हेतू नव्हता हे सिद्ध झालं, पण जाणीव होती, आणि ती आरोपीनं स्वतः सांगितली, म्हणून शिक्षा याहून जास्त दिलेली नाही.

बाहेर व्हरांड्यात पोलीस गाडीची वाट बघत उभे होते. अनुजांनी निकालाची प्रत आणून हातात दिली. "ही फुकट मिळते. उच्च न्यायालयात अपील करायचा हक्क आहे तुम्हाला, तिथंही वकील मिळेल. करायचं का?" मग न राहवून म्हणाल्या, "काका, बोलला नसता तर कदाचित दोन वर्षांत..."

"म्हाईत हाय, बाई. तुमी सांगितलतं."

"मग?"

अण्णांनी जिन्याकडं बघितलं. जिन्याच्या पायथ्याशी धोंडुबाई सयाजीच्या खांद्याला धरून उतरत होती. तिनं मागं वळून बघितलं नाही.

"अपिलाचं नंतर बघू," अण्णा म्हणाले. "आधी ह्यात काय लिवलंय ते वाचतो. राजमती, माझा चष्मा दे."

तिनं पिशवी चाचपली. हवालदार म्हणाला, "अण्णा, गाडी आली, चला." अण्णा पहिलं पान डोळ्यांजवळ धरून, चष्म्यासाठी एक हात पुढं करून तसेच उभे राहिले.